इम्प्लांटची मान

मार्थामावशींचं इम्प्लांट निघता निघत नव्हतं. वरून पू येत होता आणि खाली हाडाने ते इतकं घट्ट धरलं होतं की भोवतालचं हाड कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दात समोरचा. मावशी दौंडच्या चर्चमध्ये गाण्याला पुढे उभ्या राहतात. मूळचा दात पडल्यावर गाताना ‘स’ आला की शीळ वाजायची, म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या.

इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर दात चढवतात. तो मुद्दाम खरखरीत करतात, म्हणजे हाडाच्या पेशी त्याला धरून लवकर जम बसवतात. पण हिरडी उतरून तोच खरखरीत भाग उघडा पडला, तर जंतूही तिथेच ठाण मांडतात. ब्रश त्या खाचांत पोचत नाही. म्हणून काही इम्प्लांटची हिरडीलगतची मान गुळगुळीत ठेवलेली असते.

मावशींनी जन्मभर मिश्री लावलेली, हिरड्या पातळ. क्लिनिक सरांचं, मी तिथे नोकरीला असलेली डेंटिस्ट. यांना गुळगुळीत मानेचं मागवू या, असं मी बसवायच्या आधी मावशींसमोरच सरांना सांगितलं होतं.

“आपल्या शिरूरच्या क्लिनिकला वरपर्यंत रफ असलेली पडून आहेत,” सर म्हणाले. “तीच वापरा. हाडात लवकर इंटिग्रेट होतात. नाताळच्या आत दात देऊ.”

नाताळ म्हटल्यावर मावशींचा चेहरा असा खुलला, की मीही तीच वापरायला तयार झाले.

नाताळला त्या गायल्या. सरांनी त्यांचा हसरा फोटो मोठा करून वेटिंग रूममध्ये लावला. माझ्या सांगण्यावरून मावशींनी मिश्रीही सोडली. तरी काही वर्षांत हिरडी उतरलीच.

शेवटी हाड कापून इम्प्लांट काढलं. सर डोकावले, “मिश्रीवाल्यांचं असंच होतं,” म्हणाले आणि निघून गेले. मला इतका संताप आला, की हातातला ट्रे खाली ठेवावा लागला.

“म्या तर कवाच सोडली मिश्री,” मावशी कापूस धरून म्हणाल्या.

“माहीत आहे, मावशी. तुमची काही चूक नाही.”

जाताना त्या फोटोपाशी थांबल्या. “डॉक्टरबाई, त्यो फोटू काढा तेवढा. चर्चमधली लोकं त्यो बघून हितं येत्यात.”

सरांना सांगितलं. फोटो अजून तिथेच आहे. मी मात्र आता प्रत्येक पेशंटला सांगून ठेवते, की इम्प्लांटची मान गुळगुळीत आहे का, ते सरांना तुम्हीच विचारा. पैसे देणाऱ्याचं ते ऐकतात.