स्टँड बसला, पॅनल येतील

एक प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. हे तर साध्या फसवणुकीचं प्रकरण, आणि त्यातला एक मूर्ख मी स्वतः. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातला माझा भागही टाळता आला असता तर बरं झालं असतं.

नोकरीची शेवटची वर्षं मी पेणला होतो. रामवाडीत छोटं घर बांधलं होतं. विजेचं बिल आलं की बायको ते माझ्या ताटाशेजारी ठेवायची. अशात रोह्याकडचा एक एजंट दारात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, बोलणं मधाळ. म्हणाला, छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायला बाजारात दोन लाखांच्या आसपास लागतात; मी सबसिडी आधीच वजा करून सव्वा लाखात देतो. अर्धे बुकिंगला, उरलेले पॅनलखालचा लोखंडी स्टँड बसल्यावर. खरं तर सबसिडी काम पूर्ण झाल्यावर घरमालकाच्या खात्यात येते. वीज कंपनीच्या कार्यालयात एक फोन केला असता तरी कळलं असतं. पण "साहेब, तुम्हाला म्हणून हा भाव," असं तो म्हणाला आणि माझी छाती फुगली. फुगलेल्या छातीचा माणूस फोनबिन करत नाही.

स्टँड बसला. उरलेले पैसे दिले. मग दोन महिने पॅनलची गाडी गुजरातहून निघतच होती. बायकोनं त्या लोखंडी सांगाड्यावर चटई टाकून पोह्याचे पापड वाळत घातले. "अहो, जरा जपून चाला. सव्वा लाखाचं वाळवण आहे," ती म्हणायची.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावून त्याच दिवशी फिर्याद घेतली असती. स्वतः मात्र गप्प बसलो. ठाण्यात हसतील, एवढंच कारण.

एके सकाळी ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, गडब गावाकडच्या एक बाई आल्यात. तक्रार नाय म्हणतात. तुम्हालाच काहीतरी विचारायचंय."

पन्नाशीच्या बाई, भातशेती करणाऱ्या घरातल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. त्यातल्या फोटोत माझाच स्लॅब, माझाच स्टँड, आणि त्यावर आमचे पापड.

"साहेब, ह्यो तुमचाच बंगला ना? पॅनल बसलं का तुमचं?"

"का हो?"

"ह्यो फोटू त्या एजंटनं धाडलाय. आमच्याकडं पण त्यानं स्टँड बसवलाय. आता तो उरलेलं पैसं मागतोय. मालक दीड वर्स झालं ऑक्सिजनच्या मशीनवर हायेत. दिसरात मीटर पळतो. बांगड्या मोडायच्या तर मोडते, पण म्हटलं, आधी साहेबांना इचारावं. द्यावं का पैसं?"

दारात अंमलदार उभा होता. शेजारच्या टेबलावर जबाब लिहिणाऱ्या रायटरची लेखणी थांबली होती. मला 'बाई, माझेही आलेले नाहीत' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "येतील. अशा कामांना थोडा उशीर होतो."

बाईंचा चेहरा सैल झाला. "तुमी म्हनताय मंग काय," म्हणून त्या हात जोडून गेल्या.

आठ-दहा दिवसांनी रोह्याच्या एका वेल्डिंगवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमच्या पेणमध्ये जे सोलरचे स्टँड लागलेत ना, ते मी बनवलेत. चाळीसेक घरांवर स्वतः बसवले. एकावर पण पॅनल नाय बघितलं. आता तो एजंट इथला गाळा खाली करतोय."

रोहा पोलिसांना कळवून आम्ही निघालो. गाळ्यात दोन पंचांसमोर पंचनामा केला. फायलींचा गठ्ठा, चार रबरी शिक्के आणि दाखवायला ठेवलेलं एकुलतं एक पॅनल. फाईलमध्ये गडबच्या बाईंचं नाव सापडलं. दुसऱ्या हप्त्याची तारीख, बाई मला भेटून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

एजंट तिथंच सापडला; त्याला पेणला आणून चौकशी सुरू केली. तो घाबरलेला नव्हता. असे लोक घाबरत नाहीत. त्यांना आपल्या हुशारीचं कौतुक कुणीतरी करावं असं वाटत असतं. तेवढी संधी दिली की पुरतं.

"एवढ्या लोकांनी पावतीशिवाय पैसे दिले कसे?" मी विचारलं.

"साहेब, पेणचे लोक गणपती ठरवतात कसे? कारखान्यात आपला पाट नेऊन ठेवतात, वर नावाची चिठ्ठी. पाट ठेवला की मूर्ती आपली. पावती मागतो का कुणी? वस्तू जागेवर दिसली की शब्द पक्का. मी छतावर स्टँड ठेवत होतो."

पाटाच्या पलीकडे वाडवडिलांपासून ओळखीचा मूर्तिकार असतो. स्टँडच्या पलीकडे कोण आहे, ते आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.

हवालदारानं विचारलं, "आणि कुणाला संशय आला तर?"

"तर साहेबांच्या घराचा फोटो." मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं, "गडबच्या बाई तर मागेच फिरल्या होत्या, साहेब. पण तुम्हाला भेटल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून पैसे दिले."

हवालदारानं नजर कागदावरून वर केली नाही. मी उठलो आणि वरिष्ठांच्या केबिनमध्ये गेलो. ते माझ्याहून वयानं बारा वर्षांनी लहान. म्हणालो, "साहेब, तपास दुसऱ्या कुणाकडे द्या. मी यात साक्षीदार आहे."

सगळं ऐकून ते म्हणाले, "तुमचे पैसे गेले ते येऊ द्या जबाबात. बाईंना काय म्हणालात, ते लिहायलाच पाहिजे का?"

"पाहिजे," मी म्हणालो. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब घेतले. टेबलाच्या या बाजूची खुर्ची इतकी टणक असते हे तेव्हा कळलं.

बाई फिर्याद द्यायला आल्या, तेव्हा बाहेरच्या बाकावर मीच त्यांना खरं सांगितलं.

"तवा तुमाला ठावं व्हतं?"

"संशय होता."

"मंग 'मला म्हाईत नाय' म्हनायला काय झालतं?"

त्यांचा दुसरा हप्ता मी माझ्या खिशातून देतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "तुमचं नकोत. कोर्टात येऊन सांगा, तेवढं करा."

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. बाईंनी साक्षीत सांगितलं, बांगड्या सोनाराकडे आटून गेल्या होत्या, बिल थकलं होतं, वीज तुटू नये म्हणून दिवसातले काही तास मशीन बंद ठेवत होतो. त्या तासांत मालक खिडकीशी बसून श्वास मोजत. पुढे ते गेले. त्यांचं दुखणंच जड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यावर विसंबून राहायचा प्रयत्न करतो.

माझ्या उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "पोलीस अधिकारी असून तुम्ही फसलात?"

"हो."

"आणि तरी बाईंना 'येतील' म्हणालात?"

"म्हणालो. लाज वाटत होती."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

फसवणाऱ्याला साथीदार ठेवावे लागत नाहीत. फसून गप्प बसलेला माणूस फुकटात ते काम करतो, आणि त्याच्या अंगावर वर्दी असेल तर जास्त चोख करतो. इतक्या वर्षांच्या नोकरीनं मला हे शिकवलं नव्हतं, या प्रकरणानं शिकवलं.

अजून रामवाडीत कुणी नवं सोलर बसवायला निघालं की माझ्या छतावरचा स्टँड पाहून मला विचारतात, "काका, तुम्हाला किती खर्च आला होता?" मी सव्वा लाख सांगतो. बाकीचा खर्च गडबकडच्या एका घरानं भरला.