चीफचं नाक

चीफ माणसाला आधी हुंगायचे आणि मग "या, बसा" म्हणायचे. यात माझ्या पदरचं काही नाही. फाटकाशी कोणी उभं राहिलं की ओटीवरच्या आरामखुर्चीतून त्यांची मान जराशी वर व्हायची, नाकपुड्या हलायच्या आणि निकाल लागायचा. "मास्तर, आज घरी कुळथाचं पिठलं. आणि वाटेत पावभाजीच्या गाडीशी थांबलात." दोन्ही खरं असायचं. मला सुरुवातीला या गोष्टीचा फार राग यायचा. आपण काय खाल्लं हे शेजाऱ्याला सांगायचं की नाही, एवढं तरी माणसाच्या हातात असावं.

भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. चीफ म्हणजे चीफ कुक. जन्मभर मालवाहू बोटींवर रांधून हा माणूस वाडीत परत आला, तो हे नाव घेऊनच. "कॅप्टन चुकला तर बोट बुडते, पण कुक चुकला तर कॅप्टनच बुडतो," असं ते म्हणत. त्यांचं खरं नाव वाडीत कोणाच्या तोंडी नव्हतं. त्यांच्या पत्नी, वाडीच्या काकी, तर त्यांना "अहो" शिवाय दुसरं काही म्हणत नसत. मूलबाळ नव्हतं. चीफ वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि इथे काकी आणि त्यांची सासू, अशा दोघींनी घर आणि मागची माडांची वाडी सांभाळली होती.

आपल्या नाकाचा चीफना उघड उघड गर्व होता. मासळीबाजारात ते सुरमईला बोट लावत नसत. टोपलीवर नुसते वाकत, आणि कोळणी आपण होऊन खालचा मासा वर काढत. फणस कापायचा की आणखी दोन दिवस ठेवायचा, हे विचारायला लोक फणस खांद्यावर घेऊन त्यांच्याकडे येत. "डोळ्यांवर माझा भरवसा नाय," ते म्हणत, "आणि जीभ लाडावलेली असते. नाकाला कोणी फितवू शकत नाय." हे बोलताना ते नाकावरून असा हात फिरवत, की मला हसू आवरायला खोकावं लागे.

रविवारी दुपारी त्यांच्या ओटीवर बैठक असे. बैठक म्हणजे चीफ, मी आणि एक बाटली. बोटीवरचे जुने दोस्त येता-जाता कुठली कुठली बिअर, कुठली कुठली वाईन आणून देत. त्यासाठी छोटे काचेचे गिलास होते. काकींनी त्यांना स्वयंपाकघरात कधी थारा दिला नाही. ते पडवीतल्या फळीवर राहात, त्यांना घासायला वेगळी काथ्याची शेंडी, आणि धुणार चीफ. काकींनी जन्मात थेंब चाखला नव्हता. आम्ही बसलो की त्या दाराच्या आतल्या बाजूला तांदूळ निवडत बसत आणि अधूनमधून "झालं का तुमचं तीर्थ?" म्हणून विचारत.

पण चीफकडे नुसतं पिऊन चालत नसे. गिलास आधी दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची, मग हुंगायचं, मग एवढासा घोट, आणि मग काय सापडलं ते बोलून दाखवायचं. "मस्त" म्हणणाऱ्याला दुसरा घोट मिळत नसे. मी घाबरत घाबरत म्हणायचो, "गुळासारखं काहीतरी." चीफ म्हणत, "आणि?" मी म्हणायचो, "जरा करपल्यासारखं." "आणि?" वर्गातल्या पोरांना मी जन्मभर ज्या आवाजात प्रश्न विचारले, त्याच आवाजात. पोरांचे तळतळाट असे रविवारी दुपारी फळाला येत.

त्या ओटीवर मी त्यांची एक गोष्ट अनेकदा ऐकली. एकदा स्कॉटलंडच्या एका बंदरात त्यांची बोट अडकून पडली होती. "बाहेर हा बर्फ. मी बंदरावरच्या एका बारमध्ये शिरलो. मालक म्हातारा. त्याने एक काळा गिलास पुढे ठेवलान. म्हणाला, घाई करू नको, ही एल हाय." एल म्हणजे काय, हे मला समजावताना ते म्हणाले, "बिअरची थोरली बहीण समजा. अंगाने दांडगी. आणि ही व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरवलेली. तिकडे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर व्हिस्कीचं धान्य सुकवतात. तो धूर व्हिस्कीत उतरतो, व्हिस्कीतून पिंपाच्या लाकडात. पिंप रिकामं केलं तरी वास जातो काय? लोणच्याची बरणी धुतलीत म्हणून वास सोडते काय? तोच मग एलमध्ये येतो."

इथवर चीफ एखाद्या मास्तरासारखे बोलत. पुढे आवाज बदलायचा. "गिलास नाकाशी नेला, आणि मास्तर, मी घरी! आमच्या न्हाणीत. ओल्या सोडणाचा धूर." नारळाची सोडणं पावसात भिजलेली असत, न्हाणीच्या चुलीत ती पेटता पेटत नसत, आणि चीफची आई फुंकणी घेऊन समोर बसलेली असे. तिच्या लुगड्याला बारा महिने तोच वास. ती आई त्या बारमधल्या प्रसंगाच्या काही महिने आधी गेली होती. चीफ तेव्हा भर समुद्रात. तार हाती पडली तोवर इथे बारावंही उरकलं होतं. "बोटीवर रडू आलं नाय. अख्ख्या बोटीचं जेवण होतं. तिकडे त्या बारमध्ये मात्र ढसाढसा रडलो. म्हाताऱ्याला वाटलं, मला चढली."

पुढे चीफनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. न्हाणी गेली, तिथे गुळगुळीत फरशीची मोरी आणि गिझर आला. काकींना डोळे चोळत सोडणं फुंकावी लागू नयेत म्हणूनच त्यांनी ते केलं होतं, आणि काकी खूशही होत्या. पण तो वास घरातून गेला तो गेला. "आता आई त्या एलमध्येच ऱ्हायली," चीफ म्हणायचे. "मरायच्या आधी एकदा तिला भेटून यायला पायजे." ती एल इकडे मिळत नव्हती. मी दर वेळी "बघू, आणू" म्हणायचो.

मग ती साथ आली. चीफ आणि काकी दोघंही तापाने पडले. काकी उठल्या. चीफही उठले, पण त्यांचं नाक काही उठलं नाही. मला हे कळलं ते एका सकाळी. करपलेल्या दुधाचा वास आमच्या घरात आला म्हणून मी गडग्यावरून डोकावलो, तर चीफ स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसलेले, आणि त्यांच्या पाठीमागे पातेल्यातून धूर निघतोय. काकी मागच्या वाडीत होत्या. माझी हाक ऐकून त्या धावत आल्या, गॅस बंद केला, आणि मग गडग्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "नाक गेलंय त्यांचं. डॉक्टर म्हणतात येईल, पण आता महिना व्हायला आला. कोणाला बोलू नका हां मास्तर. लोकांना कळलं तर ते जगायचे नाय."

तेव्हापासून त्या घरात एक नाटक सुरू झालं. कोणी फणस घेऊन आलं की काकी आतून म्हणत, "अहो, घमघमाट तर रस्त्यापासून येतोय, मघाशी तुम्ही म्हणालात तसा." की चीफ नाकावरून हात फिरवत म्हणत, "मग! आजच कापा." कोळीण दाराशी आली की काकी टोपलीवर वाकत आणि नुसती मान हलवत, आणि चीफ खुर्चीतून निकाल देत. मीही नाटकात शिरलो. फाटकातूनच मोठ्याने म्हणायचो, "आज काय झालं सांगू, हिने तिसऱ्यांचं कालवण केलं होतं..." चीफ हात वर करून मला थांबवत. "सांगायला कशाला पायजे? वास आला." आम्ही तिघंही मनापासून हसायचो. घरी परत जाताना मात्र मी मागे वळून बघायचं टाळायचो. रविवारची बैठक तर चीफनी कधीच बंद केली होती. पोट साथ देत नाही, असं सांगत.

माझी मुलगी ऋता शिकायला गेली ती नेमकी स्कॉटलंडला. सुट्टीत यायच्या आधी तिने विचारलं, "बाबा, काय आणू?" मला ती एलच आठवली. नाक नसलेल्या माणसापुढे ती एल ठेवणं म्हणजे त्याच्या दुखण्यावर बोट ठेवणं. पण मला वाटलं, दूध आणि फणस यांचं सोडा, एवढा दांडगा धूर बंद दारातूनही आत शिरेल कदाचित. चीफनाही तेच वाटलं असणार. कारण ऋता ती एल आणतेय, ही बातमी कळल्यापासून ते रोज विचारायला लागले, "पोरगी कधी उतरते?"

ऋताने दोन बाटल्या आणल्या. रविवारी दुपारी चीफ दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. गिलास त्यांनी स्वतः घासून आणले. एलचा रंग काकवीसारखा होता, आणि बूच निघताच धूर माझ्या नाकात असा शिरला की मला ठसका लागला. चीफनी गिलास तळव्यांत धरला. बराच वेळ धरला. मग नाकाशी नेला आणि डोळे मिटले. एक घोट घेतला, दुसरा घेतला. मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि नंतर मला बघवेना म्हणून मी गडग्याकडे बघायला लागलो.

"काय नाय हो," चीफ म्हणाले. "कडू लागतंय. जरा गोड. धूर नाय." त्यांनी गिलास खाली ठेवला. "माझं नाक गेलंय, मास्तर. तुम्हाला म्हायती हाय, आणि तुम्हाला म्हायती हाय हे मला म्हायती हाय." आणि मग लहान पोरासारखे म्हणाले, "एवढ्या लांबून आली, आणि मला वळखतसुदा नाय."

तांदळाचं सूप बाजूला सारून काकी उंबऱ्याच्या बाहेर आल्या. त्या बैठकीत त्या कधी आल्या नव्हत्या. खाली बसल्या, पदर खोचला आणि चीफचा गिलास उचलला. "काकी!" मी म्हणालो. त्यांनी लक्ष दिलं नाही. इतकी वर्षं दाराआडून ऐकलेलं त्यांनी बिनचूक केलं. गिलास दोन्ही तळव्यांत धरला, हुंगला आणि घोट घेतला. तोंड असं वाकडं झालं, की मला वाटलं आता ओकतात.

"जहर मेलं," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. त्यांनी पुन्हा हुंगलं. "न्हाणी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, खरंच न्हाणी हाय. ओली सोडणं. सासूबाई फुंकतायत नि शिव्या घालतायत."

चीफनी डोळे उघडले नाहीत. "आणि?"

"त्यांचं लुगडं हाय. हिरवं, नऊवारी, दोरीवर वाळत टाकलेलं."

"आणि?"

"गूळ. काकवी तळाला लागली की येतो तो वास." काकींनी आणखी एक घोट घेतला. "आणि तुमची ट्रंक. बोटीवरून आलात की उघडायचात, तेव्हा तुमच्या कपड्यांना यायचा तो वास. तेल, लाकूड, समुद्र... सगळं भरलेलं."

चीफच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. "आणि? आणि?" करत त्यांनी काकींना आख्खा गिलास प्यायला लावलं. शेवटी काकींचा चेहरा लालबुंद झाला आणि त्या, "तुमच्या आईला कळलं तर मला घराबाहेर काढतील," असं म्हणून इतक्या हसायला लागल्या की पदर सावरेना. दुसरी बाटली चीफनी फोडू दिली नाही. "दांडगी हाय, टिकेल. आणखी मुरू दे," म्हणाले, आणि काकींनी ती आपण होऊन स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

त्यानंतर नाटक संपलं. चीफनी आपलं नाक गेल्याचं सगळ्या वाडीला सांगून टाकलं, आणि कोणी त्यांना कमी लेखलं नाही. लोक फणस घेऊन येतच राहिले, फक्त आता काकी हुंगत आणि चीफ निकाल देत. संध्याकाळी दोघं ओटीवर बसत. काकी सांगत, "कुठंतरी बांगडे भाजतायत. खाडीचं पाणी उतरलंय, चिखलाचा वास येतोय." "आणि?" "आणि कलमं मोहरली." मी गडग्याच्या अलीकडून ऐकायचो. त्या दोघांचं इतकं बोलणं चीफ बोटीवर असताना वर्षभरातही होत नसेल.

चीफ गेले ते थंडीत, दुपारी, त्याच आरामखुर्चीत. काकी भाताखालचा गॅस बंद करून बाहेर आल्या, तोवर सगळं आटपलं होतं.

बाराव्याला आमच्या वाडीत गेलेल्याच्या आवडीच्या जिनसांचं पान मांडतात. मुंबईहून आलेल्या पुतण्याने सगळं नीट केलं होतं. भात, कालवण, वडे, आणि चीफना आवडायची म्हणून नाक्यावरून आणलेली व्हिस्की, प्लॅस्टिकच्या पेल्यात. मागच्या वाडीत माडाखाली पान ठेवलं, सगळे हात जोडून उभे राहिले. काकी आल्या, त्यांनी तो पेला उचलला आणि माडाच्या मुळाशी ओतून टाकला. मग आत जाऊन दुसरी बाटली आणि चीफचा छोटा गिलास घेऊन आल्या. एल ओतली. आणि गिलास पानावर ठेवायच्या ऐवजी दोन्ही तळव्यांत धरून उभ्या राहिल्या. हुंगला. आणि घोट घेतला.

"अगो, उष्टं केलंस!" चीफची थोरली चुलत बहीण ओरडली. "गेलेल्या माणसाचं पान उष्टं केलंस?"

"त्यांना वास येत नाय, वन्सं," काकी म्हणाल्या. "सांगायला नको?" आणि त्या पानाकडे वळल्या. "धूर हाय. न्हाणीतला. मागच्यापेक्षा जास्त मुरलाय. सासूबाई हायत." त्या थांबल्या. नेहमीच्या सवयीने थांबल्या, आणि पुढचा प्रश्न काही येईना. माडाच्या झावळ्या तेवढ्या वाजत होत्या. काकी पानाकडे बघत तशाच उभ्या होत्या, आणि मला ते सहन होईना.

"आणि?" मी मागून विचारलं.

काकींनी वळून बघितलं नाही. "आणि तुमची ट्रंक," त्या पानाला म्हणाल्या. "घरातनं तो वास गेला हो. आता ह्यातच ऱ्हायलाय." मग खाली वाकून त्यांनी गिलास भाताशेजारी ठेवला.