कावळ्याला दिलेला शब्द आणि तिरका ट्रान्सफॉर्मर

बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, भात सुकला, समोर तारेवर दोन कावळे बसलेले, पण पिंडाकडं ढुंकून बघेनात. भटजींना पुढचं गिऱ्हाईक होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. मेव्हणा हात जोडून म्हणाला, "ताई, दाजींना आम्ही अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. पोरगी म्हणाली, "आई, बाबांच्या जेवणाखाण्याचं मी बघीन." कावळ्यानं पंख खाजवला. मग सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी म्हणालो, "बरं बाई, वर्षश्राद्धाच्या आत तो डबा एकतर पुरा करतो, नाहीतर भंगारात घालतो." लगेच उतरला हरामखोर आणि चोच मारून मोकळा.

आता यातलं त्याला नेमकं काय पटलं, ते काय त्यानं सांगितलं नाही.

डबा म्हणजे माझा वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. मी रबाळ्याच्या कारखान्यात फिटर होतो, शाळा चौथीपर्यंत. मोडक्या रेडिओंतले वॉल्व्ह जमवून तो जोडायला घेतला होता. आमच्या खांदेश्वरच्या घरात कॉटखाली तो वर्षानुवर्षं पडून. बायको त्याला सवत म्हणायची. एकदा चालू केला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर जळला, घरभर धूर. "झाला तुमचा होम? दक्षिणा कुणाला देऊ?" म्हणाली. तेव्हापासून तो तसाच.

वर्ष सरत आलं तसा रबाळ्याला भंगारवाल्याकडं गेलो. ट्रान्सफॉर्मरचा ढीग होता, आणि मी उभा बावळटासारखा. निवडायचं खातं तिचं. भाजी, साडी, जावई, सगळं तीच निवडायची, मी पिशवी धरायचो. मग ती मासळीचे कल्ले उचलून बघायची तसं एकेक उचललं आणि नाकाला लावलं. जळका वास आला की बाजूला.

"चाचा, सूंघते क्या हो? लोहा तो लोहा है."

"तुझी बायको पण बायकोच आहे ना? मग बघून का केलीस?"

तो हसला आणि वीज जोडून दिली. मी सोबत बल्ब नेला होता, तो मधे लावून एकेक तपासला. बल्ब भगभगीत पेटला की समजायचं, आत शॉर्ट. एक रंगवलेला, चकचकीत, नवरदेवासारखा, तोच पहिला गेला. शेवटी एक गंजका धोंडा मिळाला. मीटरवर दोन्हीकडं अडीचशे-अडीचशे व्होल्ट आणि वॉल्व्हच्या तारा तापवायला वेगळे सहा. वजन असं की बसमधून मांडीवर आणताना पाय बधिर झाले.

घरी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर भोकं पाडली, नीट गुण्यात, पत्र्याच्या कडेला समांतर. वजनानं पत्रा वाकायला लागला, तर खालून लोखंडी पट्टी दिली. चालू केला तर स्पीकरमधून घूंऽऽ, जेवल्यावर मेव्हणा झोपतो तसं. शेजारच्या आउटपुटच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला हा मोठा छळत होता. बोल्ट काढले, लाकडी पट्टीनं त्याला जागच्या जागी हळूहळू फिरवत गेलो आणि स्पीकरला कान लावला. घूं कमी कमी होत एका जागी पार थांबली. घर इतकं गप्प झालं की मी पट्टीनं त्याला मुद्दाम मागं ढकललं. थोडी घूं होऊ दिली. ऐकत बसलो. मग परत जाग्यावर आणला, तिच्या शिवणाच्या खडूनं खूण केली आणि नवी भोकं पाडली.

वर्षश्राद्धाला पोरगी आली. आधी डबाच बघितला.

"बाबा, हा तिरका बसलाय."

"सरळ बसवला की बोंबलतो."

"आईला असलं वाकडंतिकडं चालायचं नाही. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा सरळ करायची ती."

"अगं, जन्मभर मला चालवून घेतलं की तिनं."

ती हसली, मग तोंड फिरवून वडे तळायला गेली. मी तिच्या आईच्या आवडीची कॅसेट लावली. वॉल्व्ह तापले, आवाज असा आला की पोरगी झारा हातात धरून दारात उभी राहिली. वडे करपले.

त्यातलाच जरा बरा बघून पानावर वाढला आणि खिडकीत ठेवला. कावळा आला. मी म्हणालो, "पुरा केला, बाबा. तुला तेव्हा भंगाराचंच पटलं असेल, तर आता गपचूप वडा खा."

त्यानं वडा उचलला आणि गेला.