न फाडलेला खोका

उस्ताद जुना टर्बो फोडायचे तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कोंबड्या टायरांमागे पळायच्या. अकोल्याच्या बायपासवर आमचं गॅरेज आहे, काम फक्त टर्बोचं. टर्बो म्हणजे ट्रकच्या इंजिनात हवा कोंबणारा, गोगलगाईच्या आकाराचा लोखंडी डबा. त्याच्या पोटात एक दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे, मिनिटाला लाखाच्या घरात फिरणारे. या पोटाला आम्ही कोर म्हणतो. नवा कोर बसला की उस्ताद जुना ऐरणीवर ठेवत, डाव्या हाताने पंख्यावर छिन्नी धरत आणि गाडीवाल्याच्या डोळ्यांदेखत घणाने त्याच्या ठिकऱ्या उडवत. मग नव्याचा खोका उभा-आडवा फाडत.

"मेलेल्याले पण मारा लागते," ते म्हणत. "नाहीतर कोणी रंग मारून पुन्हा गाडीत घालते."

ओरिजनलच्या रिकाम्या खोक्यात नकली कोर भरून विकतात, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी खोका दिला.

मी सिंधुदुर्गातला, खाडीकाठचा. आठवीतून शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर झालो आणि तापाने फणफणलेला असताना ट्रकवाल्याने मला अकोल्यात उतरवून दिलं. उस्तादांनी उचलून घरी नेलं. मूळचे मोर्शीकडचे ते. त्यांच्या बायकोने चार दिवस ज्वारीच्या कण्या भरवल्या. त्याला आता बारा वर्षं झाली, पण शटर उघडताना अजून रोज वाटतं: आज हे मला जा म्हणाले तर? माझ्या हातून काही विसरू नये म्हणून नवा खोका उघडला की आतल्या झाकणावर मी पेन्सिलीने गाडीचा नंबर लिहितो. अक्षर आठवीत होतं तसंच राहिलंय.

रस्त्यापलीकडे एक स्पेअरवाला होता. "कोकणी भाऊ, खोका कावून फाडतं? पोरीले शाळेत पुठ्ठ्याचं घर बनवा लागते," तो म्हणाला. मला भाऊ म्हणणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. खोका फाडायला मला सांगून उस्ताद आत हात धूत होते. मी न फाडलेला खोका त्याच्या हातात दिला.

दोन महिन्यांनी चांदूर रेल्वे गावचा एक ड्रायव्हर संत्र्यांनी भरलेला ट्रक घेऊन आला. टर्बो गेलेला. त्याच्यासाठी ओरिजनल कोर आणायला उस्ताद स्वतः अमरावतीला गेले. दुकानदाराकडून ते स्वतःच्या हातानेच माल घेत, कोणावर सोपवत नसत.

ड्रायव्हरला दम नव्हता. "संत्रं सडून राहिलं ना बावा! तुले काही येते का नुसता पोपट बसवला इथं?" बाकीचे ड्रायव्हर हसले. मी घाबरलो की चिडलो, आज सांगता येणार नाही. रस्ता ओलांडला. स्पेअरवाल्याने काउंटरवर खोका उघडला, कोर काढून माझ्या हातात ठेवला. खोक्यावरचं कंपनीचं चकाकतं स्टिकर शाबूत होतं. खोका बगलेत मारला, कोर बसवला आणि ट्रक गेला.

दुपारी तो वाटेतूनच उलटा आला, मागे निळा धूर सोडत. उस्तादही नुकतेच एसटीतून उतरले होते, पिशवीत खरा कोर.

"कोणता टाकला?"

"ओरिजनल. खोक्यातला."

उस्तादांनी टर्बोचा हवेचा पाइप काढून बाजूला ठेवला. "चालू कर."

आतलं सील गळत होतं. ते तेल हवेबरोबर इंजिनात गेलं आणि इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळू लागलं. आवाज चढत गेला, किंकाळी झाला. पत्र्याचं छप्पर थरथरलं, नट खोलायचे पाने खिळ्यांवरून खाली पडले. ड्रायव्हर चावी काढून हातात नाचवत होता. "बंदच नाही होऊन राहिली!"

हवा तोडली तरच ते थांबतं. उस्तादांनी लाकडी फळी उचलली आणि टर्बोच्या उघड्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरली. इंजिन गुदमरलं, आचके देऊ लागलं. तेवढ्यात आतला पंखा फुटला. फळी मधोमध चिरली. गॅरेज एकदम शांत झालं आणि उस्ताद आपल्या डाव्या हाताकडे बघत उभे होते. दोन बोटं नव्हती.

ड्रायव्हरने टॉमी उचलली, चाक खोलायची सळई. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला. "नकली माल टाकतं बे?" दुसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा उस्ताद मधे आले. हाताला गुंडाळलेला फडका लाल होऊन ठिबकत होता.

"त्याले हात नको लावू. माह्या पोरानं खोक्यातूनच काढला असन. जाय रे, खोका आन. दाखव याले."

मी खोका आणला. पहिल्यांदाच आतलं झाकण उघडून पाहिलं. तिथे पेन्सिलीने एका गाडीचा नंबर लिहिलेला होता, माझ्या आठवीतल्या अक्षरात.

झाकण मिटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. उस्ताद माझ्या पुढे उभे होते, रक्त त्यांच्या चपलेवर पडत होतं.

"उस्ताद, हा आपलाच खोका आहे. मीच त्याला दिला होता. न फाडता."

दुसरा फटका पाठीवर बसला. या वेळी मधे कोणी आलं नाही. उस्ताद फक्त खोक्याकडे बघत राहिले.

पलीकडचं शटर तोवर खाली आलेलं होतं. ड्रायव्हर आणि पंक्चरवाल्याने ते टॉमीने वाकवलं, पण आत कोणी नव्हतं. मी उस्तादांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

बॅग भरून मी शटरजवळ ठेवली. विचारल्याशिवाय जाववेना आणि विचारायचं धाडस होईना. सहाव्या दिवशी उस्ताद रिक्षातून उतरले.

"बॅग कोनाची हाय?"

"माझी."

त्यांनी ती पायाने बाजूला सरकवली आणि आत गेले. ड्रायव्हरचा खरा कोर त्यांनी मला शेजारी बसून बसवायला लावला. मग फुटलेला नकली कोर ऐरणीवर ठेवला. पट्टी बांधलेल्या हाताच्या उरलेल्या बोटांत छिन्नी धरली, पंख्याच्या अर्ध्या तुकड्यावर टेकवली आणि घण माझ्याकडे ढकलला.

"मार."

"उस्ताद, हात हलला तर..."

"माहा नाही हालत. तू तुह्या हाताचं पाह्य."

ड्रायव्हर बघत होता. खांदा ठणकत होता, घणाचा दांडा घामाने निसटत होता. मी मारला. तुकडा उडाला, कोंबड्या पळाल्या. छिन्नी जागची हलली नव्हती.

"आजून," उस्ताद म्हणाले.