हवेतून आलेली बोली

माझी आत्या फुलांच्या लिलावघरात नेटवर्क सांभाळायची. तिथे तिला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांची ती वायरताई. छतातून, भिंतीतून, जमिनीखालून गेलेली तिथली एकूण एक तार तिने उभं राहून ओढून घेतलेली. कुठे काही बंद पडलं की पक्कड हातात घेऊन ती निघायची, आणि वाटेत तिला थांबवून गप्पा मारायची कुणाची छाती नव्हती.

फुलं यायची खालच्या मुख्य शेडमध्ये. बोली मात्र दोन ठिकाणांहून लागायची, तिथून आणि समोरच्या टेकडीवरच्या छोट्या शेडमधून. पडद्यावर भाव वरून झरझर खाली उतरतो आणि जो आधी बटण दाबेल त्याला त्या भावात माल मिळतो. घाई केली तर महाग पडतं, रेंगाळलं तर फुलं दुसऱ्याची. त्यामुळे टेकडीवर दाबलेलं बटण खाली पोहोचायला जराही उशीर झाला की खेळ खलास.

त्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं. खोदणाऱ्या यंत्राने जमिनीतली केबल तोडली. आत्याने जोडून घेतली, त्याने पुन्हा तोडली. असं होता होता टेकडीवरची शेड बाजाराच्या ऐन वेळेला मुकी व्हायला लागली. तिथे एक गुच्छवाली बसायची, तोंडाची मोठी फटकळ. तिने आत्याला फोन केला.

"वायरताई, तुझी तार जिवंत आहे की गेली? मी पडद्याकडे बघतेय आणि पडदा माझ्याकडे!"

लिलावघराच्या मालकीणबाईंनी आत्याला बोलावून घेतलं. "जमिनीखालचं पुरे झालं आता. हवेतून काय येतंय ते बघ. कुठलं घ्यायचं ते तूच ठरव."

जन्म तारेत गेलेली ही बाई. ती घरी येऊन तोंड पाडून बसेल, असं आतोबांना वाटलं होतं. उलट ती चपला न काढताच आत आली. "अहो, हवेतून! सगळं हवेतून न्यायचं! तीन कंपन्यांची माणसं आपापलं यंत्र घेऊन आलीत आणि तिघंही म्हणतात आमचंच चांगलं."

आतोबा शाळेत खेळाचे शिक्षक. ते म्हणाले, "शर्यतीआधी सगळेच पहिले असतात. मग शर्यत लाव की!"

आत्याने ते मनावरच घेतलं. पहिला होता सिमवाला. त्याच्या एका डब्यात दोन कंपन्यांची सिमकार्डं होती, मोबाइलच्या टॉवरवरून काम चालायचं. तो इतका भरभर बोलायचा की त्याच्या डब्याची गरजच नाही असं वाटावं. दुसरी होती छत्रीवाली, एक शांत इंजिनिअर मुलगी. तिची एक छत्री, म्हणजे लहरी पाठवणारी गोल थाळी, टेकडीवर बसणार, दुसरी खालच्या छतावर, दोघी समोरासमोर. तिसरे एक वयस्कर गृहस्थ, उपग्रहवाले. त्यांचं सगळं थेट आकाशातून.

आत्याने तिघांना एकच अट घातली. चाचणी बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत आणि टेकडीवरच होईल. लिलाव लुटुपुटीचा, बाजूला काढलेल्या फुलांचा. वर बटणावर गुच्छवाली, खाली तिच्याविरुद्ध आतोबा. गुच्छवालीने त्यांना फोनवरच बजावलं, "मास्तर, मी दया दाखवणार नाही हं!"

पहिला मान उपग्रहाचा. चित्र स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. पण गुच्छवालीने बटण दाबावं आणि फुलं आतोबांच्या नावावर पडावीत, असं दर खेपेला व्हायला लागलं. ती उसळली. "अहो, माझी बोली स्वर्गात जाऊन देवाला भेटून येतेय का?"

उपग्रहवाल्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "बाई, आमचा उपग्रह फार उंचावर आहे. चाल धीमी नाही, वाटच लांब आहे."

मग सिमचा डबा आला. सुरुवातीला त्याने कमाल केली. गुच्छवाली एक डाव जिंकली, आतोबा एक जिंकले, चुरस रंगली. पण बाजार भरत गेला, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, आणि डबा लंगडायला लागला. भाव उतरताना मध्येच थबकायचा आणि मग एकदम उडी मारायचा. सिमवाल्याचं बोलणं तेवढ्या वेळात पहिल्यांदा थांबलं.

शेवटी छत्री. काय सांगू! टेकडीवर बोट टेकलं की खाली दिवा लागलाच. गुच्छवालीने लागोपाठ डाव मारले. फोनवर आतोबांचं "अरेच्चा! अरेच्चा!" चाललेलं. आत्या तर टाळ्याच पिटायला लागली. "हीच! तारेसारखी सरळ आहे बघा! ठरलं, हीच घ्यायची!"

आणि पडदा गोठला.

सगळे धावत बाहेर आले. रस्त्याच्या कामावरच्या क्रेनने आपला लांबलचक हात वर केला होता आणि तो बरोब्बर दोन छत्र्यांच्या मधे येऊन उभा राहिला होता. इंजिनिअर मुलगी हळूच म्हणाली, "समोरची छत्री दिसली तरच हिला बोलता येतं."

आत्या एका रिकाम्या क्रेटवर मटकन बसली. गुच्छवालीने तिला पाण्याचा तांब्या दिला. तांब्या तोंडाला लावता लावता आत्या थांबली आणि मोठ्याने हसली.

"अगं, ती क्रेन आजच मधे आली ते किती बरं झालं! इकडे या दोघं. छत्री आंधळी झाली की त्या क्षणी सिमने काम उचलायचं. जमेल?"

दोघं एकमेकांकडे बघेनात. सिमवाला म्हणाला, "ताई, वेगवेगळ्या कंपन्यांचं सहसा जुळत नाही."

"आमच्याकडे दोन जावा एका ओट्यावर स्वयंपाक करतात. त्यातली एक मी आहे! तुमचे दोन डबे एका फळीवर बसायला काय झालं?"

गुच्छवाली खो-खो हसली आणि मग ते दोघंही हसले. त्यानंतर मात्र गाडी सुसाट सुटली. सिमवाला म्हणाला, पत्र्याच्या शेडमध्ये माझा डबा गुदमरतो, त्याचा अँटेना छतावर चढवू. मुलगी म्हणाली, फुलांचे फोटोच वाट अडवतात. छत्री बंद असेल तेव्हा फोटो थांबवून ठेवू, फक्त बोल्या जाऊ देऊ. बोली ती केवढीशी, ती गर्दीतूनही निसटेल. आत्या एकाकडून दुसरीकडे बघत म्हणत होती, "हां! आणि? पुढे?" चहा आला तो तसाच गार झाला.

उपग्रहवाले आपलं सामान आवरायला लागले होते. आत्याने त्यांना थांबवलं. "तुम्ही कुठे निघालात? पलीकडच्या दरीत आमचं माल उतरवायचं केंद्र आहे. तिथे मोबाइलला रेंज नाही की छत्रीला समोरचं दिसत नाही. तिथून नुसती वजनं पाठवायची असतात, दोन घटका उशीर झाला तरी बिघडत नाही. ते काम तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की गुच्छवालीने त्यालाही चहा दिला, आणि तो गरम होता.

सगळं बसवून झालं आणि खऱ्या लिलावाचा दिवस उजाडला. आत्या टेकडीवर, दोन्ही वाटा जोडणाऱ्या डब्याजवळ उभी. हिरवा दिवा म्हणजे छत्री, पिवळा म्हणजे सिम. खाली पांढऱ्या लिली मांडलेल्या. गुच्छवालीला त्या एका लग्नासाठी हव्याच होत्या. भाव उतरायला लागला. तेवढ्यात खिडकीतून आत्याला क्रेनचा हात सरकताना दिसला. तिने डब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा गेला. पिवळा लागला. पडद्यावर भाव उतरतच होता, ठेच नाही की अडखळ नाही. गुच्छवालीने बटण दाबलं. पडद्यावर झळकलं, "टेकडी".

आत्याने जागच्या जागी उडी मारली. गुच्छवाली दचकून म्हणाली, "लिली मला मिळाल्या, तू कशाला नाचतेस?" तिला काही कळलंच नव्हतं! खालून लिलाव पुकारणाऱ्या काकांचा फोन आला, "वायरताई, क्रेन मधे आलीय, वर काही झालं का?"

"काही नाही!" आत्या ओरडली. "काही म्हणजे काहीच झालं नाही, काका!"

मालकीणबाईंनी त्यानंतर टेकडीवरची शेड वाढवली. वरच्या वस्तीतले आणखी फूलवाले तिथून बोली लावायला लागले. आत्याचा बोलबाला असा झाला की शेजारचा बेकरीवाला, छापखानेवाला, सगळे सल्ला मागायला यायला लागले. हल्ली ती कुणाला आधी यंत्राबद्दल विचारतच नाही. "तुमचं काय थांबलं तर जीव जातो ते सांगा," म्हणते, आणि मग कुठे छत्री लागेल, कुठे सिम, कुठे आकाश ते बघते.

गेल्या आठवड्यात बर्फाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. नदीपलीकडचं कोठार जोडायचंय म्हणे. आत्या आतोबांनाही घेऊन गेली. मी संध्याकाळी फोन केला तर आतोबा धापा टाकत होते. "अगं, छतावर आहोत! पलीकडचं छप्पर इथून अगदी स्पष्ट दिसतंय!" आणि मागून आत्याचा आवाज आला, "अहो, फोन ठेवा आणि ती दुर्बीण इकडे द्या!"