सरांसाठी एक शाल

एसटी सुटायच्या आधी आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "जातीयास तर जा. पण त्या माणसाला दिसंल आसं कायतरी कर."

वडील पाण्याची बाटली आत देत होते. "अगं, पोरीला निरोप दे, शाप कशाला?"

"ह्योच निरोप हाय," आई म्हणाली.

तो माणूस म्हणजे आमच्या कृष्णाकाठच्या गावातल्या खो-खो मंडळाचे सर. फलकावर त्यांच्या नावाआधी 'क्रीडातपस्वी' असं लिहिलेलं असे. ही पदवी त्यांना कुणी दिली हे बहुधा फलक रंगवणाऱ्यालाच माहीत होतं. मी त्यांच्या हाताखाली खेळले आणि पुढे त्यांच्याच हाताखाली मुलींना शिकवू लागले. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मी मुलींना सुट्टी दिली. त्याची भरपाई म्हणून सरांनी सामन्याच्या सकाळी त्यांना मैदानाभोवती दमेपर्यंत पळवलं, मग मंडळाच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता म्हणून व्यासपीठामागे हात जोडून उभं केलं. दुपारी पोरींचे पाय उचलेनात. आम्ही हरलो. सरांनी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. "मी लोखंड घडवलं होतं, हिनं लोणी केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावकऱ्यांनो, तुमच्यापैकीही काही जणांनी वाजवल्या. चेहरे लक्षात आहेत, म्हणून तर हे तुम्हालाच लिहिते आहे.

खारघरला मावसबहिणीकडे उतरले. गावात आमच्या मैदानाच्या एका बाजूला ओढा होता आणि दुसऱ्या बाजूला शाळा. इथे दोन टॉवर आणि मधे पार्किंगमधून उरलेली जागा. पहिलं काम मिळालं ते सोसायटीच्या समर कॅम्पमध्ये, लिफ्टने खाली येऊन धापा टाकणाऱ्या मुलांना पळायला शिकवायचं. हळूहळू मुलींचा संघ जमला: निम्म्या फ्लॅटमधल्या, निम्म्या तळवलीसारख्या जुन्या गावांतून बस बदलून येणाऱ्या. गावात आम्ही सरांना कधी 'का' विचारलं नाही. इथे पालक प्रत्येक गोष्टीला 'का' विचारतात. आज रनिंग का नाही, मॅडम? उद्या रिकव्हरी का? सुरुवातीला राग यायचा. मग उत्तरं देता यावीत म्हणून पुस्तकं वाचू लागले. शरीर सरावात झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं, हे पुस्तकात एका वाक्यात उरकतं. मुलींच्या आयांना पटवायला अख्खा मोसम गेला.

या हवेत सराव घेतानाही सगळं नव्याने शिकावं लागलं. आपल्याकडचं ऊन भाजतं, पण घाम वाळतो. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, अंगावर तसाच राहतो आणि माणूस नुसता उभा राहूनही थकतो. ही गोष्ट मी मनात जपून ठेवली.

यंदा आमच्या इथल्या, खारघरच्या मंडळाने निमंत्रितांची स्पर्धा भरवली. गावच्या संघाला निमंत्रण मीच पाठवलं. दोन्ही संघ अंतिम सामन्यात पोचले, तेव्हा मी आयोजकांना सुचवलं की सामन्याआधी सरांचा सत्कार व्हायला हवा. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि चार मान्यवरांची मनोगतं. मान्यवर मीच निवडले. माइक हातात आला की सोडवत नाही, एवढी एकच पात्रता बघितली.

आमच्या गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. गुरूचा सत्कार चालू असताना शिष्यांनी मागे उभं राहायचं, हात जोडून. ती रीत सरांनीच घातलेली. भर दुपारी गावच्या मुली व्यासपीठामागे उन्हात उभ्या राहिल्या. सावलीत त्यांच्यासाठी बाकं मांडून ठेवली होती, लिंबूपाणीही. माझ्या मुली झाडाखाली पाय भिंतीला टेकवून पडल्या होत्या.

"म्याडम," आमची तळवलीची पोर उठून बसली, "त्यांना कोनी बसाला नाय सांगत काय?"

"सांगते," मी म्हणाले, आणि खरंच गेले. "सर, मुलींना सावलीत बसू द्या ना."

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते माइकवरूनच बोलले, "आमच्या मुली लोखंडाच्या आहेत!" टाळ्या पडल्या. या वेळी मीही वाजवल्या.

मग मनोगतं झाली. मान्यवरांनी मला निराश केलं नाही.

सामन्याचं वर्णन करण्यासारखं फारसं नाही. खो मिळाल्यावर उठायला गावच्या मुलींना एक क्षण जास्त लागत होता, आणि खो-खोमध्ये तेवढ्यात समोरची निसटते. आम्ही सहज जिंकलो. मला आनंद झाला, थोडाथोडका नाही. ज्याला सूड म्हणतात त्याची चव इतकी चांगली असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला मात्र ठाऊक असावं.

बक्षीस समारंभात सर आपली नवी शाल सावरत उठले आणि माइक घेऊन म्हणाले, "विजयी संघाची प्रशिक्षक माझीच शिष्या! हा विजय आमच्याच मातीचा!"

जिंकलेला सामनासुद्धा हा माणूस नेणार होता. मी माइक मागून घेतला. "सर खरं बोलतायत. सामन्याआधी काय करू नये, ते मी त्यांच्याकडूनच शिकले."

सगळ्यात आधी हसल्या त्या गावच्याच मुली. मग सरांनी वळून पाहिलं आणि त्या खाली बघू लागल्या.

निघताना त्यांची कर्णधार माझ्यापाशी आली. पायात गोळे आले होते, लंगडत होती. "ताई, तुमच्यात आदल्या दिवशी खरंच झोपू देत्यात?"

मी हो म्हणाले. ती दांडा धरून बसमध्ये चढली. ज्या मैदानावर मी वाढले, तिथलीच ती. तिला उन्हात उभं केलं सरांनी, पण सत्कार ठरवला मी. ते माझ्या पोटात बसलं आहे आणि तिथेच राहू दे.

तुम्ही फोनवर विचारता, गावी कधी येणार. ऐका. पुढच्या वर्षीही निमंत्रण पाठवणार आहे. शाल आणून ठेवली आहे, मान्यवरही सांगून ठेवले आहेत. ज्या दिवशी सर ती शाल खुर्चीवर ठेवतील आणि म्हणतील, पोरींनो, आधी सावलीत बसा, त्या दिवशी आम्ही बहुधा हरू. त्याच रात्रीच्या गाडीने मी घरी येईन.