उसनी माती

सन २०२४, माघ महिना. थंडी उतरत होती, पण सकाळचं ऊन अजून सोडवत नव्हतं.

शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत मास्तरांच्या दारापुढे दगडी चबुतरा आहे. तिथे आम्ही तिघे बसतो. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. तोमर पोलिसात हवालदार होते. मी टोपी बाजारात एका आडत्याकडे बेचाळीस वर्षं काट्यावर होतो. धान्य तोलायचं काम. तिघांचाही एकमेकांच्या बोलण्यावर विश्वास नाही. म्हणूनच आमच्याकडे किस्से साठतात. जिथे सगळ्यांना सगळं पटतं, तिथे सांगण्यासारखं काही घडत नाही.

त्या दिवशी मास्तर म्हणाले, "झाड माती खात नाही. ऊन, पाणी आणि हवा घेतं आणि स्वतःचं अन्न स्वतः बनवतं."

मी चौथीपर्यंत शिकलो. पण बेचाळीस वर्षांत माझ्या काट्यावर कोणी ऊन घेऊन आलं नाही.

"उन्हानं पोट भरत असतं तर जेठात मी दोन मणांचा झालो असतो!" मी म्हणालो.

तोमर म्हणाले, "सूरज किसी को रोटी नहीं देता, भाऊसाहब. कूलर का बिल देता है!"

मास्तर हसले नाहीत. "मग तोलून बघा," म्हणाले.

मला कोणी असं म्हटलं की मी बसून राहू शकत नाही.

*

तोलायला माती हवी. माझ्या घरी सगळं सिमेंट.

मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, अंगणातल्या वाफ्याची माती पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली होती. अंगणात मुलाची गाडी आली, वाफा गेला. श्रावणात गच्चीवर नवा वाफा करायचा, म्हणून माती जपलेली.

"देते, भाऊजी. पण उसनी. सासूबाईंनी आणि मी तीस वर्षं शेण-पाला घालून केलेली आहे. विकत मिळत नाही ही."

"तोलून नेतो, तोलून आणून देतो. तोळाभर कमी भरली तर याच चबुतऱ्यावर सगळ्यांदेखत नाक घासेन!"

गल्लीत चार लोक उभे होते. सगळ्यांनी ऐकलं.

तोमर माझ्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "भाऊसाहब, आप कहते हैं पौधा मिट्टी खाता है. और आप ही कहते हैं मिट्टी पूरी लौटाऊँगा. आपने तो अपने ही ख़िलाफ़ रिपोर्ट लिखवा दी!"

खरं होतं. मास्तर चुकले तर माझं नाक जाणार. मास्तर बरोबर निघाले तर माझं म्हणणं खोटं. पण बोललेलं मी मागे घेत नाही.

*

माती तोलताना वहिनी म्हणाल्या, "घ्या की आता, कोरडीच आहे."

मी मूठभर घेतली, दाबली, सोडली. गोळा राहिला.

तरुणपणी एक व्यापारी गव्हावर पाणी शिंपडून आणायचा. मी दाणा दाताखाली धरायचो. कोरडा दाणा कट्ट वाजतो, ओला गप्प बसतो. तेव्हापासून ओल्या मालावर माझा भरोसा नाही.

"पाण्याचं वजन मातीच्या नावावर चढवू नका, वहिनी. तीन दिवस उन्हात पसरा."

"दुसऱ्याच्या मातीवरसुद्धा संशय?"

"दुसऱ्याच्याच मातीवर घ्यायचा असतो!"

तिसऱ्या दिवशी माझ्या गच्चीच्या कडीला माझा जुना काटा टांगला. एका पारड्यात वीस किलोची दोन वजनं, दुसऱ्यात माती. सुई सरळ उभी राहिली. चाळीस किलो. वहिनींनी स्वतः वाकून सुई बघितली. संशय त्यांनाही येतो.

*

कुंडीत लावलं तर कोणीही मूठभर टाकेल, मूठभर काढेल. मास्तर तर पहिले.

म्हणून मी माझ्या गच्चीवर पोतंच ठेवलं. मातीत लाल भोपळ्याची एक बी. कोंब वर आला तसं पोत्याचं तोंड दाभण-सुतळीनं शिवून टाकलं. कोंबाला एक भोक, पाण्याला एक. गाठ माझी, आडतीवर मारायचो ती. दुसऱ्याला सुटत नाही.

मास्तर बघायला आले. "आबासाहेब, रोप लावलंय की पार्सल केलंय?"

"तुमच्यासारखे शेजारी असले की दोन्ही करावं लागतं."

*

माझी नात सई कॉलेजात जाते. रोज एक बादली पाणी पोत्याला जातं, यावर तिचा राग. आमच्याकडे नळ एक दिवसाआड.

"आजोबा, कूलरला पानी नाही आणि तुमचा कद्दू ऐश कर रहा है!"

"पाणी जातं कुठे ते बघतोय."

"कुठे म्हणजे? थोडं पत्ते वापरतात, बाकी उडून जातं. इट्स बेसिक यार! पत्ते खाना बनाते हैं."

जिला अजून खिचडी येत नाही, ती मला सांगते की पानं स्वयंपाक करतात!

*

मास्तरांनी एक प्लास्टिकची पिशवी आणली. एका पानावर चढवली, तोंड दोऱ्यानं बांधलं. "तासाभरानं बघा."

तासाभरानं पिशवी आतून धुरकटली होती. थेंब लोंबत होते. मी पिशवी काढून उलटीसुलटी केली. भोक नव्हतं.

"हे तुमचं पाणी," मास्तर म्हणाले. "मुळांनी प्यालं, पानांनी सोडलं."

"पिशवी आतून ओली करून आणली नसेल कशावरून?"

दुसरी पिशवी माझ्या घरातली घेतली, स्वतः पुसली, स्वतः बांधली. पुन्हा थेंब.

तोमरांनी चष्मा लावून बराच वेळ पान न्याहाळलं. तीस वर्षांची नोकरी बोलली: "पसीना छूट रहा है. अब क़बूल करेगा!"

*

चैत्रात दुपारी वेल मान टाकायला लागली. मला वाटलं ऊन सोसत नाही. जाड गोणपाटाची चादर शिवून वर ताणली. आत अंधार आणि गारवा. आता सुखात राहील.

दहा दिवसांत पानं पिवळी. फुलं गळाली. नवा कोंब दोऱ्यासारखा लांब आणि पांढरट.

मी ओळखलं: कोणीतरी औषध टाकलं. गच्चीवर कोण येतं? तोमर. मी तोंडावर विचारलं.

"तीस साल मैंने दूसरों से पूछताछ की है," ते म्हणाले, "मुझसे आज तक किसी ने नहीं की!" उठले आणि गेले. त्या दिवसापासून चबुतऱ्यावर आले नाहीत.

पाचव्या दिवशी मास्तर गच्चीवर आले, चादर ओढून काढली. "विष नाही. उपाशी आहे ती. पाणी देता, ताट झाकून ठेवता."

"मग मान का टाकते?"

"संध्याकाळी उचलते ना? मग काळजी सोडा."

पंधरा दिवसांत वेल हिरवीगार झाली. मी माफी मागत नाही. तोमरांच्या घरी गेलो आणि प्यायला पाणी मागितलं. त्यांनी तांब्या भरून दिला. मी सगळा प्यालो.

दुसऱ्या दिवशी ते चबुतऱ्यावर होते.

*

जेठात भोपळा उतरवला. एकच धरला होता, पण काट्यावर ठेवला तेव्हा मी दोनदा तोलला. अकरा किलो!

गल्ली टाळ्या वाजवत होती. मी हिशेब करत होतो. एवढं आलं कुठून? पोत्यातूनच. म्हणजे पोत्यात आता एकोणतीस किलो. म्हणजे नाक.

भाजी सगळ्या घरांत वाटली. माझी वाटी मी सईच्या ताटात ओतली.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो आणि माती मागितली. नर्सरीवाल्यानं विचारलं, "किती?"

"अकरा किलो," मी म्हणालो.

पिशवी घरी आणली, खाटेखाली सरकवली. बेचाळीस वर्षं व्यापाऱ्यांचे हात बघत आलो. कोण पारड्याला अंगठा लावतो, कोण वजनाला मेण चिकटवतो. त्या दिवशी स्वतःच्या हाताकडे बघितलं.

पिशवी उचलली, गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब आहे, त्याच्या बुडाशी ओतली. तोमर समोरून येत होते. त्यांनी बघितलं. हवालदार माणूस आणि विचारलं नाही!

*

पोतं सर्वांसमोर उसवलं. गाठ माझीच होती, शाबूत.

माती पसरली, तीन दिवस कडक ऊन दिलं. चाळणीनं चाळली, केसासारखी मुळंसुद्धा वेचली. मुळं आणि वाळलेली वेल गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्यावर जाळून टाकली.

काटा टांगला. मास्तर खुर्चीवर. तोमर उभे. सई मोबाइल धरून. वहिनी सुईजवळ.

एका पारड्यात वीस किलोची दोन वजनं. दुसऱ्यात मी घमेल्यानं माती ओतत गेलो. एकोणतीस किलोच्या अंदाजाला आलो, तेव्हा घमेली संपायला हवी होती. संपली नाहीत. ओतत राहिलो.

शेवटचं घमेलं झटकलं. पारडं खाली आलं, झुललं, थांबलं.

सुई सरळ नव्हती. जरा वजनांकडे कललेली.

मातीच्या बाजूला पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं. सुई पलीकडे गेली. काढलं. परत अलीकडे. म्हणजे पन्नासहूनही कमी. पण तोळाभर ठेवून सुई सरळ झाली नाही, म्हणजे तोळ्याहून जास्त.

"अहो, हे काहीच नाही!" मास्तर खुर्चीवरून उठले. "अकरा किलोचा भोपळा आणि एवढीशी घट! आबासाहेब, तुम्ही—"

"कमी ते कमी," मी म्हणालो. टोपी काढली आणि जिन्याकडे निघालो. नाक घासायचा चबुतरा खाली गल्लीत होता.

"थांबा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "वेल जाळली त्याची राख कुठे आहे?"

"पत्र्यावर."

"आणा की. तीही माझ्याच मातीतली."

मी पत्रा उचलून आणला. त्यांनी राख चिमटीनं घेतली आणि मातीवर सोडली. थोडी. आणखी थोडी. सगळ्यांचे डोळे सुईवर.

सुई सरळ उभी राहिली.

वहिनींनी वाकून बघितलं, माती पोत्यात भरून घेतली, तोंड बांधलं.

"पोचली," म्हणाल्या.